डावीकडची दाढ

कांबळे मॅडमनी मला फसवलं. आठ महिने, रोज सकाळी साडेसातला, त्यांनी मला कुत्र्याची बिस्किटं खायला घातली. मी ती खाल्ली. वर ‘आज जरा कडक झालीत’ असा अभिप्रायही दिला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्या बाईंबद्दल माझ्या तोंडून काही बरं निघालं तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. माझी तक्रार कायम आहे.

मी बबनराव. विश्रांतवाडीत माझं किराणा दुकान आहे आणि दुकानाला चिकटून पिठाची गिरणी. दोन्ही मी स्वतः उभं केलंय, सुरुवात कांदे-बटाट्याच्या हातगाडीवरून. घासाघीस करण्यात मला हरवणारा माणूस मला अजून भेटायचाय. साडीच्या दुकानात मी तोंड उघडलं की बायको बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहते आणि मी तिचा कोणी नाही असं दाखवते. अशा माणसाला एका निवृत्त बाईनं आठ महिने कुत्र्याचा खाऊ चारावा आणि त्याला पत्ता लागू नये, ही गोष्ट लहान नाही.

कांबळे मॅडम वजनमाप खात्यात निरीक्षक होत्या. दुकानदारांची वजनं आणि तराजू तपासायचे, खरे असले तर शिक्का मारायचा, खोटे असले तर उचलून न्यायचे. खात्यातून त्या निवृत्त झाल्या, खातं त्यांच्यातून झालं नाही. अजूनही कुठलीही वस्तू हातात आली की त्या ती तळहातावर दोनदा वर-खाली करतात आणि वजन सांगतात. कोथिंबिरीची जुडी असो, शेजाऱ्यांचं पार्सल असो, सगळं तळहातावर तोललं जातं. आमच्या पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. सगळ्या बायका बाळाला घेऊन ‘गोड आहे गं, नाक आईचं घेतलंय’ वगैरे म्हणत होत्या. मॅडमच्या हातात बाळ आलं. त्यांनी ते दोनदा वर-खाली केलं आणि म्हणाल्या, “तीन किलो दोनशे. मागच्या आठवड्यापेक्षा शंभरनं कमी. दूध पुरत नाहीये.” दवाखान्यात नेलं तर खरंच शंभरनं कमी.

“पडताळणी झाली का?” हा त्यांचा शब्द. दूध उतू गेलं की नाही, मुलीचं स्थळ चांगलं आहे की नाही, पाऊस थांबला की नाही, कशालाही त्या विचारतात, “पडताळणी झाली का?” झाली नसेल तर तो विषय पुढे जात नाही.

आमची ओळख मात्र जुनी. मी हातगाडीवर होतो तेव्हाची. भर चौकात, दहा गिऱ्हाइकं उभी असताना, या बाईंनी माझं किलोचं वजन उचललं, तळहातावर दोनदा वर-खाली केलं आणि पिशवीत टाकलं.

मी म्हणालो, “मॅडम, जुनं वजन आहे. झिजतं. माणूसही झिजतो.”

त्या म्हणाल्या, “माणूस सगळीकडून झिजतो. हे फक्त तळातून झिजलंय. कानसेनं.”

किती ग्रॅम कमी होतं ते मी सांगणार नाही. तेव्हा सांगितलं नाही, आता कशाला सांगू? पण त्या दिवशी गिऱ्हाइकं ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती, ती नजर मी पंचवीस वर्षं मनात जपून ठेवलीय.

आणि नशीब बघा. निवृत्त झाल्यावर बाईंनी घर घेतलं ते माझ्या दुकानामागच्या सोसायटीत. तळमजला. पहिल्याच दिवशी पिशवी घेऊन आल्या. काय हवं ते सांगायच्या आधी पर्समधून स्वतःचं किलोचं पितळी वजन काढलं आणि माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. काट्यानं बरोबर एक हजार दाखवलं. “सुधारलात,” त्या म्हणाल्या आणि एक किलो तूरडाळ मागितली. रांगेतली माणसं हसली. मी रागानं लाल झालो. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर माझं गिऱ्हाईक वाढलं. ‘जिथे कांबळे मॅडम घेतात तिथे माप बरोबर असणार’, अशी बोलवा झाली. तरीही तक्रार कायम आहे.

त्यांच्याकडे कुत्रा होता. मुलगा अभिजित यानं लॅब्रेडोरचं पिल्लू आणलं आणि आईच्या हातात दिलं. मॅडमनी ते तळहातावर धरलं आणि म्हणाल्या, “एवढंसं? हे तर तोळाभर आहे.” वजनाच्या बाबतीत या बाईंनी केलेली ही एकच अतिशयोक्ती. नाव तेच पडलं, तोळा. दोन वर्षांत तोळा चौतीस किलोचा झाला. मग कंपनीनं अभिजितला जर्मनीला पाठवलं आणि तोळा आईकडे राहिला तो राहिलाच. रोज सकाळी साडेसातला, मी शटर वर करत असताना, दोघं हजर. मॅडम काट्यासमोर आणि तोळा गिरणीच्या दाराशी, उडणाऱ्या पिठाकडे बघत. मी त्याला कधी गोंजारलं नाही. कधी सुक्या खोबऱ्याचा तुकडा टाकायचो, पण तो एवढ्यासाठीच की त्यानं पोत्याला तोंड लावू नये. रोज टाकायचो, कारण पोती रोज असायची.

तोळ्याला गहू सोसत नव्हता. पोळीचा तुकडा खाल्ला की अंग खाजवून रक्त काढायचा. म्हणून मॅडम त्याच्यासाठी नाचणी आणि ज्वारी दळून न्यायच्या, तीही सकाळी पहिली, गव्हाच्या आधी. नाचणीचं गार सत्त्व दह्यात, उकडलेला लाल भोपळा भातात, मिठाशिवाय शिजवलेलं चिकन हाडं काढून. कांदा नाही, लसूण नाही, मनुका तर घरातच ठेवायच्या नाहीत. उन्हाळ्यात ताकात गाजर किसून बर्फाच्या ट्रेमध्ये लावायच्या आणि दुपारी एकेक खडा द्यायच्या. माझी बायको म्हणायची, “एवढं तुम्ही मला बाळंतपणातसुद्धा केलं नाहीत.”

वर्षापूर्वी मॅडम तोळ्याला फिरवताना पडल्या. त्यानं मांजर बघून ओढलं आणि यांचं मनगट मोडलं. अभिजित तोवर परत आला होता, खराडीत अकराव्या मजल्यावर घर घेतलं होतं. तो गाडी घेऊन आला. “आई, तुला आता तो झेपत नाही,” म्हणाला. ते खरंही होतं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मॅडम गाडीपर्यंत आल्या. तोळा मागच्या सीटवर बसला, काच खाली होती. मॅडमनी दुसऱ्या हातानं त्याचा पंजा उचलला आणि दोनदा वर-खाली केला. गाडी गेली.

पुढच्या दिवसापासून साडेसातला त्या एकट्याच यायला लागल्या.

प्लास्टर निघालं आणि आमच्या प्रकरणाला सुरुवात झाली. एके दिवशी त्यांनी डब्यातून एक बिस्कीट काढून माझ्यापुढे धरलं. गोल, तपकिरी, बाटलीच्या झाकणानं कापलेलं.

“बारा ग्रॅम,” त्या म्हणाल्या. “पडताळून बघा.”

मला मधुमेह आहे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. मी विचारलं, “साखर आहे का?”

“साखर नाही, गूळ नाही, मीठ नाही.”

“मग आहे काय?”

“नाचणी, ज्वारी, भोपळा. खा.”

आता सांगा, ज्या घरातून कुत्रा गेला त्या घरातली बिस्किटं कुत्र्याची असतील असा संशय कोणाला येईल? मला वाटलं, मधुमेहवाल्यांसाठी बाई काही नवीन करून बघतायत, उद्या विकायला ठेवा म्हणतील. मी मनातल्या मनात माझं कमिशनही ठरवून ठेवलं. वरून माझ्या मनात आलं, पंचवीस वर्षांनी का होईना, बाईंना त्या चौकाचं वाईट वाटलेलं दिसतंय. भरपाई करतायत. करू दे.

बिस्कीट वाईट नव्हतं. चव अशी नव्हतीच, पण ठीक. मी ते चहात बुडवायला गेलो तर बाई केवढ्यानं ओरडल्या, “बुडवायचं नाही! कोरडं चावा.”

“मॅडम, बिस्कीट माझं, चहा माझा.”

“कोरडं. आणि उजवीकडून चावताय ना?”

“चावायला दोनच बाजू असतात. एक निवडली.”

“डावीकडची दाढ नाही तुम्हाला. दिसतंय. किती वेळ लागला? मोठा तुकडा पडला की चुरा झाला?”

हे रोज. मी गिळेपर्यंत समोर उभ्या. दुसऱ्या दिवशी मी ‘कडक’ म्हणालो की तिसऱ्या दिवशी भोपळा जास्त. ‘भुगा होतोय’ म्हणालो की चौथ्या दिवशी अंडं. कुकरची शिट्टी काढून, तळाशी मीठ तापवून, त्यावर ताटली ठेवून त्या बिस्किटं भाजायच्या. भाजल्याचा वास आमच्या गिरणीपर्यंत यायचा. खरं सांगायचं तर सकाळी तो वास आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. गल्लीत दुसरं कोण आहे जे माझ्या दाढेची चौकशी करतं? पोरं नोकरीला बाहेरगावी. बायको म्हणते, कवळी बसवा.

मग गेल्या महिन्यात मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शनिवारी संध्याकाळी काळा चष्मा लावून, भिंतीचा आधार घेत त्या दुकानात आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा.

“बबनराव, उद्या तुम्ही खराडीला जाणार आहात.”

“मी? कोण म्हणालं?”

“मी म्हणतेय. मला आठवडाभर बस बंद आहे. हा डबा अभिजितच्या सोसायटीच्या गेटवर द्यायचा. वॉचमन घेतो. वर जायचं नाही.”

“काय आहे डब्यात?”

“तोळ्याची बिस्किटं.”

मी डबा उघडला. गोल, तपकिरी, बाटलीच्या झाकणानं कापलेली. मी डब्याकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं.

“ही तर माझी बिस्किटं आहेत.”

“तुमची कशी? तुम्ही नुसती पडताळणी करता.”

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आवाज इतका चढला की समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बंद केली. मी विचारलं, माणूस आहे की जनावर आहे मी? माणसांची म्हणून खायला घातलीत ना?

“माणसांची आहेत, असं मी कधी म्हणाले?”

नव्हत्या म्हणाल्या. आठ महिन्यांतलं एकेक वाक्य मी आठवून बघितलं. बाईंनी कायद्यात कुठेही पाय चुकू दिला नव्हता.

“आणि ती काळपट असायची कधीकधी, त्यात काय होतं?”

“कलेजी. उकडून, वाळवून, कुटून.”

“मॅडम, मी सोमवार-गुरुवार पाळतो! श्रावण पाळतो! माझा सोमवार बाटवलात तुम्ही!”

त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. “सोमवारी आणि गुरुवारी तुम्हाला भोपळ्याची दिली. त्यात अंडंही नसायचं. श्रावणात महिनाभर भोपळ्याचीच. तुमचे वार मला पाठ आहेत, बबनराव.”

मी डबा ठेवून घेतला आणि शटर खाली ओढलं. घरी बायकोला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणते कशी, “तरीच म्हटलं, एवढ्यात केस कसे तुकतुकीत झालेत तुमचे.”

रविवारी मी स्कूटरवर डबा बांधून निघालो. मनात ठरवलं होतं, त्या बाईंचं काम हे शेवटचं. विश्रांतवाडीहून खराडी स्कूटरवर फार नाही, पण मॅडम बसनं जायच्या, येरवड्याला बस बदलून. जाताना मला पहिल्यांदा सुचलं, ही बाई आठ महिने दर रविवारी एवढी दोन बस बदलून जाते, गेटवर डबा देते, रिकामा डबा घेते आणि परत दोन बस बदलून येते. वर जात नाही. का जात नाही?

गेटवर वॉचमन होता, बीडकडचा, पन्नाशीचा. डबा बघताच त्याचा चेहरा खुलला. “मावशींचा डबा! मावशी बऱ्या आहेत ना?” त्यानं डबा उघडला, खिशातली प्लास्टिकची पिशवी झटकली, सगळी बिस्किटं तिच्यात ओतली, रिकामा डबा मला परत दिला आणि एक बिस्कीट तोंडात टाकलं.

“अहो, हे काय करताय?”

“साहेबांनीच सांगितलंय, वर पाठवू नका, तुम्हीच ठेवून घ्या. चहासंगं लई भारी लागतात.”

म्हणजे पुण्यात मी एकटा नव्हतो. मी म्हणालो, “दादा, ही कुत्र्याची बिस्किटं आहेत.”

त्यानं चावणं थांबवलं. विचार केला. “आसंल,” म्हणाला आणि दुसरं घेतलं.

मला वर जायचं नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. सकाळी पाचला उठून, गव्हाचा कण राहू नये म्हणून गिरणीचे दगड धुऊन मी नाचणी दळून देतो, आठ महिने माझ्या दाढेनं एकेक घाण्याची परीक्षा केली, आणि माल गेटवर मारला जातो? मी लिफ्टमध्ये घुसलो.

दार अभिजितनं उघडलं. हाफ पँट, गळ्यात हेडफोन. “अरे, दुकानवाले काका! आई ठीक आहे ना?”

“आई ठीक आहे. बिस्किटं वॉचमन खातोय.”

त्याचा चेहरा पडला. वाईट मुलगा नाही तो. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगायला लागला. सुरुवातीला आई दर रविवारी वर यायची. तोळा वेडा व्हायचा. पण ती गेली की दाराशी जाऊन बसायचा. तीन-तीन दिवस. खायचा नाही, पाणी जेमतेम. डॉक्टर म्हणाले, सवय मोडा. म्हणून आईला सांगितलं, थोडे दिवस वर नको येऊ. आईनं ऐकलं. पण मग ती डबा पाठवायला लागली आणि पहिलाच डबा उघडला तर नुसत्या वासानं तोळा उठून दाराशी जाऊन बसला.

“म्हणून देत नाही,” अभिजित म्हणाला. “पण आईला कसं सांगू? तिनं फोनवर विचारलं की म्हणतो, हो आई, खातो, आवडीनं खातो.”

एवढ्यात आतून पावलं वाजली. तोळा आला. तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय ओढत. मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण तो थेट माझ्या सदऱ्याशी आला. सदऱ्याला नाचणीच्या पिठाचा वास असणार, आणि खिशात एक बिस्कीट होतं. होतं म्हणजे, सकाळी डब्यातून मी काढून ठेवलं होतं. सवय. त्यानं खिशाला नाक लावलं आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

“काका, नको,” अभिजित म्हणाला.

मी दिलं. तोळ्यानं ते दातांत अलगद धरलं. खाल्लं नाही. धरून दाराशी गेला, दाराकडे तोंड करून बसला आणि बिस्कीट दोन पंजांच्या मध्ये ठेवलं. त्याचे कान लिफ्टच्या आवाजाकडे होते. लिफ्ट थांबली की कान उभे, पुढे गेली की खाली.

मी आयुष्यभर घासाघीस केलीय, म्हणून तिथेही केली. “दर रविवारी तासभर आईकडे आण,” म्हणालो.

“काका, तीन दिवस खात नाही तो.”

“मग पंधरा दिवसांनी आण, आणि एकदम तीन दिवस ठेव.”

“आईला झेपणार नाही. पुन्हा पडली तर?”

“फिरवायला मी नेईन. सकाळी साडेसातला तो माझ्याकडेच असतो.” हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. “महिन्यातून एक रविवार.”

“बघू,” अभिजित म्हणाला.

माझ्या धंद्यात ‘बघू’ म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

मी परत आलो. मॅडम दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. स्कूटरचा आवाज ओळखला असावा. वाटभर मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पंचवीस वर्षांची तक्रार होती, संधी चांगली होती. तुमचंही माप गेटवर खोटं निघालं, असं तोंडावर सांगायचं.

“दिलात?”

“दिला.”

“वर गेलात?”

“गेलो.”

त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले. “दिसला?”

“दिसला. छान आहे. मजेत आहे.”

“खाल्लं त्यानं?”

“खाल्लं की. माझ्यासमोर.”

“कुठल्या बाजूनं चावलं?”

असा प्रश्न जगात दुसरं कोणी विचारेल का? मी काय तयारी करणार? जे आधी सुचलं ते बोललो. “डावीकडून.”

समोर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग मॅडम म्हणाल्या, “तोळ्याची डावीकडची दाढ इथे असतानाच काढली, बबनराव. तुमचीही तीच नाही. म्हणून तर रोज तुम्हाला. तुम्हाला चावता आलं तर त्याला येईल.”

मला चौकातला तो दिवस आठवला. आता त्या उठतील आणि मला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर खोटा ठरवतील, असं वाटलं. त्यांनी हात पुढे केला. मी रिकामा डबा हातात दिला. तो त्यांनी तळहातावर दोनदा वर-खाली केला.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पडताळणी झाली.”

सबंध नोकरीत ज्या बाईंनी ग्रॅमभर कमी वजन सोडलं नाही, त्यांनी माझं एवढं मोठं खोटं पास केलं.

मी निघालो तेव्हा पाठीमागून आवाज आला. “उद्या नाचणी जरा बारीक दळा. त्या वॉचमनला काय, त्याचे दात चांगले आहेत. त्याला कडक काय नि मऊ काय.”

मी वळून बघितलं. “तुम्हाला माहीत आहे?”

“दुसऱ्याच रविवारी कळलं. त्याच्या टेबलावर चुरा पडला होता.”

“मग कशाला करता एवढं? कुकर, कलेजी, माझी दाढ, दोन-दोन बस?”

त्यांनी चष्मा नीट केला. “डब्यात साठ असतात. एखादं कधीतरी चुकून वर जात असेल. जे जाईल ते त्याला चावता आलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी गिरणीचे दगड धुतले आणि नाचणी बारीक दळली. सोमवार होता, मला भोपळ्याचं मिळालं. मी कोरडं खाल्लं, उजवीकडून. “जरा मऊ चालेल,” म्हणालो. फसवलंय त्यांनी मला, ते मी विसरलेलो नाही, आणि त्यांचं-माझं आम्ही बघून घेऊ.

पण अभिजित, हे छापून आलं की मी स्वतः तुझ्या हातात आणून देणार आहे, वॉचमनकडे नाही. तुझी आई वाचेल याची काळजी करू नकोस, तिला तू सांगायच्या आधीपासून सगळं माहीत आहे. तू म्हणतोस, तो तीन दिवस दाराशी बसतो. मी डोळ्यांनी बघितलं, ती आली नव्हती तरी तो दाराशीच बसला होता. आठ महिने झाले. मग सवय कोणाची मोडली? महिन्यातून एक रविवार मी मागितला, त्याच्या खाली मी उतरणार नाही, आणि ‘बघू’ मी उत्तर धरत नाही. दुकान सकाळी साडेसातला उघडतं. एक तर तोळ्याला घेऊन ये, नाहीतर एकटा ये, तिच्यासमोर उभा राहा आणि ती विचारेल तेव्हा सांग, कुठल्या बाजूनं चावलं.